वारा धरणारी घरे

वाळवंट हा शब्द आपण शाळेत शिकतो तो उंट, खजूर आणि मृगजळ यांच्या संगतीने. दुबई हे नाव मात्र आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात शाळेत जाण्याआधीच कानावर पडते. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा, कुणाचे वडील ‘आखातात’ असतात. दोन वर्षांनी माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या पेटीतून खजुराचे डबे, वासाचे साबण आणि हमखास एक जाडजूड ब्लँकेट निघते. इतक्या उष्ण देशातून माणसे ब्लँकेटे का आणतात, हा प्रश्न मला लहानपणी नेहमी पडे. त्याचे उत्तर मला गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मिळाले, आणि त्या उत्तराच्या मागोमाग आणखी काही प्रश्न आले. त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माझे मामा गेली सोळा वर्षे दुबईत एसीच्या देखभालीचे काम करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. प्रथम वर्षाची परीक्षा दिल्यावर मामांनी मला बारा दिवसांसाठी बोलावून घेतले. निघण्यापूर्वी मी मिळेल ते वाचले. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत या शहराविषयी एक वाक्य ठरलेले असते : आधुनिक वैभव आणि प्राचीन परंपरा यांचा संगम. संगम म्हटला की दोन प्रवाह आले. हे दोन प्रवाह कोठून आले आणि नेमके कोठे मिळतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावे, एवढाच हेतू मनाशी धरून मी गेलो.

खाडी, मोती आणि रुपया

दुबई हे मुळात खाडीकाठचे गाव. अरबीत खाडीला ‘खोर’ म्हणतात. एका तीरावर बर दुबई, दुसऱ्या तीरावर देरा. आपल्याकडे जशी तर असते, तशी तेथे ‘अब्रा’ नावाची लाकडी होडी माणसांना या तीरावरून त्या तीरावर नेते. मी गेलो तेव्हा तिचे भाडे एक दिरहम होते. एवढ्या महागड्या शहरात एका नाण्यात मिळणारी ही बहुधा शेवटची गोष्ट असावी. होडीत बसल्यावर प्रथम जाणवले ते हे की वास ओळखीचा आहे : डिझेल, खारे पाणी आणि ओला दोर.

१८३३ साली बनी यास टोळीतील सुमारे आठशे माणसे अबू धाबी सोडून या खाडीकाठी आली आणि मकतूम घराण्याची सत्ता सुरू झाली. तेच घराणे आजही राज्य करते. मासेमारी, थोडाबहुत व्यापार आणि मोती ही उपजीविकेची साधने. मोत्यांचा मुख्य हंगाम ऐन उन्हाळ्यातला. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड अडकवून, श्वास कोंडून तळाशी जाई. वर नावेवर एकजण त्याची दोरी धरून उभा असे आणि खालून हिसका बसताच त्याला ओढून घेई. नावेच्या प्रमुखाला ‘नाखुदा’ म्हणत. आपल्या कोळी बांधवांचा ‘नाखवा’ याच फारसी शब्दातून आला आहे. पाणबुडे हंगामापूर्वी उचल घेत, हंगामात ती फिटत नसे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच नाखुद्याकडे जावे लागे. ‘उचल’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हे मोती जात मुंबईला. मुंबईच्या बाजारात त्यांची प्रतवारी होई आणि तेथून ते जगभर पसरत. साहजिकच दुबईचे चलन होते हिंदी रुपया. १९०९ साली तेथे उघडलेले टपाल कार्यालयही हिंदुस्थानच्या टपाल खात्याचे होते. देश स्वतंत्र झाल्यानंतरही रुपया तेथे चालतच राहिला. पुढे सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रंगाच्या, क्रमांकापूर्वी ‘झेड’ अक्षर असलेल्या नोटा काढल्या. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि हे नाते तुटले. दुबईने काही काळ सौदी रियाल, मग कतार-दुबई रियाल वापरला. दिरहम आला १९७३ मध्ये. म्हणजे आज ज्या दिरहमचा भाव आमच्या गावात पाठ असतो, तो येण्यापूर्वी कित्येक वर्षे तिकडची माणसे आपला रुपया मोजत होती. पैशाचा ओघ कोणत्या दिशेने वाहील हे कायमचे ठरलेले नसते, एवढा बोध यातून घ्यावयास हरकत नाही.

मोत्यांचा धंदा मात्र त्यापूर्वीच बुडाला होता. जपानमध्ये मोत्यांची पैदास कृत्रिम रीतीने होऊ लागली, पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली, आणि खाडीकाठी दारिद्र्य आले. ज्याला आज ‘वैभवाचे शहर’ म्हणतात त्याच्या आठवणीत उपासमार फार दूर नाही.

वारा धरणारी घरे

बर दुबईच्या काठावर अल फहिदी नावाची जुनी वस्ती आहे. पूर्वी तिला बस्तकिया म्हणत. तेथे मी तीन वेळा गेलो. एकतर प्रवेशाला पैसे लागत नाहीत, आणि दुसरे म्हणजे त्या गल्ल्यांनी मला सोडले नाही.

गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या भिंतींची सावली मध्ये मिळते. घरांच्या भिंती समुद्रातल्या प्रवाळी दगडांच्या, वर जिप्समचा गिलावा. हा दगड सच्छिद्र असल्याने बाहेरची उष्णता आत लवकर पोचत नाही. छतासाठी लागणारे वासे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांनी येत, सागवान मलबारातून येई. आणि प्रत्येक मोठ्या घरावर एक चौकोनी मनोरा. याला ‘बर्जील’ म्हणतात. मनोरा चारही बाजूंनी वर उघडा असतो. आत कोपऱ्यातून कोपऱ्यात अशा दोन भिंती एकमेकींना छेदून उभ्या असतात, त्यामुळे वाऱ्याला चार वाटा मिळतात. खाडीवरचा वारा कोणत्याही दिशेने आला तरी एक वाट त्याला धरते व खालच्या खोलीत ढकलते. खोलीतली तापलेली हवा उलट बाजूच्या वाटेने वर निघून जाते. यंत्र नाही, वीज नाही, आवाज नाही.

अशा एका मनोऱ्याखाली मी भर दुपारी उभा राहिलो. बाहेर पारा चाळिसाच्या वर होता. वारा थंड होता असे मी म्हणणार नाही. पण तो हलता होता, आणि घामाने भिजलेल्या माणसाला हलत्या हवेची किंमत कळते. गरिबांच्या घरांना मनोरे नसत. त्यांची घरे खजुरीच्या झावळ्यांची असत, तिला ‘अरीश’ म्हणतात. झावळ्यांच्या फटींतून वारा आपोआप येई. तसा एक मांडव तेथे उभा करून ठेवला आहे. त्याची वीण पाहून मला आमच्या गोठ्याचे झाप आठवले. झाड निराळे, हात तोच.

आता मुख्य मुद्दा. हे बर्जील दुबईची परंपरा म्हणून दाखवले जातात, त्यांच्या आकाराचे मनोरे नव्या हॉटेलांवरही शोभेसाठी बांधले जातात. परंतु ते मूळचे दुबईचे नव्हेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस इराणच्या किनाऱ्यावर जकातीचा बोजा वाढला. त्याच सुमारास दुबईच्या शेखांनी आपल्या बंदरातील जकात काढून टाकली. लिंगा बंदरातले आणि बस्तक भागातले व्यापारी खाडीकाठी येऊन राहिले. त्यांनी आपल्या गावाचे नाव वस्तीला दिले आणि आपल्या गावचे मनोरे घरांवर चढवले. म्हणजे आज जी ‘परंपरा’ आहे ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परगावाहून आलेल्या माणसांची वस्ती होती.

ही परंपराही सहजासहजी टिकली नाही. शहर श्रीमंत होऊ लागले तेव्हा बस्तकियाची बरीच घरे पाडण्यात आली. जुन्या घरात राहणे कमीपणाचे वाटू लागले होते. उरलेल्या घरांपैकी एकात राहणाऱ्या रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदाने ती वाचवण्याची मोहीम चालवली. १९८९ साली प्रिन्स चार्ल्स यांनी या वस्तीला भेट दिली, आणि पाडापाडी थांबली. एखाद्या शहराला आपल्या जुन्या घरांचे मोल एका परक्याच्या आग्रहातून कळावे, यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडील वाड्यांची स्थिती आठवून पाहावी.

थंडावा आणि पाणी

दुबईत तेल सापडले १९६६ मध्ये; निर्यात सुरू झाली १९६९ मध्ये. ‘तेल निघाले आणि शहर झाले’ असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे, तो अर्धाच खरा. शेख रशीद यांनी गाळाने भरत चाललेली खाडी खोल करून घेतली ती १९५९ ते १९६१ या काळात, तेल सापडण्यापूर्वी, कुवेतकडून कर्ज काढून. मोठी गलबते आत येऊ लागली. पुढे १९७१ च्या २ डिसेंबरला संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र जन्मास आले. १९७९ मध्ये जबल अली बंदर झाले, १९८५ मध्ये स्वतःची विमान कंपनी निघाली. आज शहराच्या उत्पन्नात तेलाचा वाटा अगदी अल्प आहे. व्यापार, बंदर, विमानतळ, पर्यटन, जमिनी आणि इमारती यांवर ते चालते. जकात काढून टाकणाऱ्या शेखांची युक्तीच मोठ्या प्रमाणावर चालू आहे, असे म्हणता येईल.

या वैभवाची दोन प्रसिद्ध चिन्हे म्हणजे १९९९ मध्ये उघडलेले, गलबताच्या शिडाच्या आकाराचे बुर्ज अल अरब हॉटेल आणि ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा. दुसऱ्याचे बांधकाम चालू असताना नाव होते बुर्ज दुबई. २००९ मध्ये शहर कर्जात अडकले, अबू धाबीने दहा अब्ज डॉलर दिले, आणि ४ जानेवारी २०१० रोजी उद्‌घाटनाच्या वेळी इमारतीला अबू धाबीच्या शेखांचे नाव देण्यात आले. पाणबुडे उचल घेत तशी शहरानेही एकदा उचल घेतली, असे माझ्या मनात आले. आम्ही त्या इमारतीवर चढलो नाही. “वर जायला तिकीट, खालून बघायला फुकट. आणि दिसते ती खालूनच,” असे मामा म्हणाले.

शेजारच्या मॉलमध्ये शिरताच अंगावर काटा आला. बाहेरच्या भट्टीतून आत आले की दात वाजावेत इतका गारवा. सगळे लोक दुकानांकडे पाहत होते; मामा छतातल्या जाळ्यांकडे पाहत होते. “ती बघ, तिसरी. धूळ धरलीय. आठ दिवसांत तक्रार येणार.” मग त्यांनी मला या गारव्याचा हिशेब सांगितला. आतली उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त उचलून बाहेर टाकली जाते. छतावर, जेथे ही यंत्रे ती उष्णता ओकतात, तेथे ते दिवसभर काम करतात. म्हणजे ज्या इमारतीत लोक शाल पांघरून कॉफी पितात तिच्या डोक्यावर उभे राहून मामा त्याच लोकांच्या वाट्याची उष्णता अंगावर घेत असतात. माझ्या ब्लँकेटाच्या कोड्याचे उत्तर येथे मिळाले. वाळवंटातला माणूस ब्लँकेट घेतो तो एसीच्या थंडीमुळे.

पाण्याची गोष्टही अशीच. या शहरात वर्षाला पडणारा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. पिण्याचे पाणी जवळजवळ सगळे समुद्राचे. जबल अली येथील कारखान्यांत मीठ वेगळे करून ते गोडे केले जाते आणि उरलेले अतिखारट पाणी पुन्हा समुद्रात जाते. बुर्ज खलिफाच्या वातानुकूलनात हवेतल्या बाष्पाचे जे पाणी सुटते तेसुद्धा साठवून बागांना देतात. ते वर्षाला सुमारे दीड कोटी गॅलन भरते. ही काटकसर मला मनोमन आवडली. “आपल्याकडे पाऊस मोप,” मामा म्हणाले, “पण चैतात विहिरीला पाणी नाही. इथं पाऊसच नाही, पण नळ कधी आटला नाही.” आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतो. या वाक्याला मजपाशी उत्तर नव्हते. पण त्याच दुबईत १६ एप्रिल २०२४ रोजी वर्षभराहून अधिक पाऊस एका दिवसात कोसळला, विमानतळाच्या धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या, रस्त्यांचे ओढे झाले. पैशाने पाणी आणता येते, ते आपल्या मर्जीने थांबवता येतेच असे नाही.

सोनापूर

मामांच्या कंपनीने कामगारांना दिलेल्या खोल्या ज्या भागात आहेत त्याचे सरकारी नाव मुहैसना. कामगार त्याला सोनापूर म्हणतात. हिंदी बोलणाऱ्याला त्यात सोन्याचे गाव ऐकू येते. मुंबईशी संबंध असलेल्या मराठी माणसाला मात्र सोनापूर म्हणजे स्मशान. पहिल्यांदा मामांच्या तोंडून ते नाव ऐकून मी चपापलो होतो.

पाहुण्यांना तेथे मुक्काम करता येत नाही. मी देऱ्यात एका गाववाल्याच्या खोलीवर उतरलो होतो. एका रविवारी संध्याकाळी मामा मला सोनापुरात घेऊन गेले. खोलीत सहा माणसे, दुमजली खाटा, प्रत्येकाच्या उशाशी एक कुलूपबंद पेटी. केरळचे दोघे, एक बांगलादेशी, एक नेपाळी, एक बिहारचा आणि मामा. भिंतीवर एसी होता आणि चालत होता, हे नमूद केले पाहिजे. जेवण सर्वांनी मिळून रांधले. भात आमचा, मासळीचे कालवण केरळचे. जेवताना गप्पा निघाल्या त्या पगाराच्या नव्हत्या. कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाच्या घराचे छप्पर, आणि माझा निकाल. त्या खोलीत माझा निकाल सर्वांना ठाऊक होता.

आज दुबईची लोकसंख्या ३८ लाखांहून अधिक आहे. त्यांत दर दहांपैकी साधारण नऊजण बाहेरचे. संपूर्ण अमिरातींत एकट्या भारतातील माणसे ३५ लाखांहून अधिक आहेत. उघड्यावर काम करणाऱ्यांना १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन विश्रांती देणे बंधनकारक आहे. तो नियम चांगलाच आहे. मी मे महिन्यात गेलो होतो. तेव्हा तो लागू व्हायचा होता, आणि दुपारी एक वाजता रस्त्याच्या कडेला माणसे खणत होती.

परतीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या मनोऱ्याखाली जाऊन बसलो, तेव्हा संगमाचा प्रश्न मला निराळा दिसू लागला. दुबईत जुने आणि नवे हे दोन प्रवाह नाहीतच. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आहे : बाहेरून माणूस येतो, त्याच्या हातची विद्या आणतो, आणि त्या विद्येने हे उजाड बंदर राहण्याजोगे होते. बस्तकच्या व्यापाऱ्याने वारा खाली आणला. मामा उष्णता वर नेतात. काम एकच. फरक आहे तो पुढे काय झाले त्यात. बस्तकचा व्यापारी राहिला, शहराचा झाला, आणि त्याचे घर आज वारसा आहे. मामांना दर दोन वर्षांनी व्हिसा नवा करावा लागतो. २०१९ पासून गुंतवणूकदार, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांना दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ मिळू लागला आहे. एसी दुरुस्त करणाऱ्याचे नाव त्या यादीत नाही. आणि हेही खरे की जुन्या काळी तरी सर्वांना सारखेच स्थान कोठे होते? मनोरा राहिला तो व्यापाऱ्याचा. पाणबुड्याचे झावळ्यांचे घर वाऱ्यावर गेले.

मी हे मामांना बोलून दाखवले. ते हसले. “आमची खोली कोण जपणार? आणि कशाला जपायची? तिच्यात बघण्यासारखं काय आहे?” मग थोड्या वेळाने म्हणाले, “मी काय इथं राहायला आलो नाही रे. तुमच्यासाठी आलो. आता सोळा वर्षं झाली, तर राहिलोच म्हणायचं.” मामांची कीव करावी असा या लेखाचा हेतू नाही. त्यांना ती आवडणारही नाही. आजोळचे पक्के घर, धाकट्या मावशीचे लग्न आणि माझी कॉलेजची फी त्या छतावरून आली आहे, आणि याचा त्यांना अभिमान आहे.

तथापि, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने द्यावयास हवे. त्या खोलीत बघण्यासारखे पुष्कळ आहे. तिच्या दारातून आमच्या गावचे पैसे, कर्जे, लग्ने, घरे आणि माझ्यासारखी मुले बाहेर पडली आहेत. दुबईने ती जपली नाही, तर ती जपण्याचे काम आपले आहे. आपल्या महाविद्यालयात माझ्या वर्गातच आखाताशी नाते असलेली घरे निम्म्याहून कमी नसतील. आपण प्रत्येकाने आपल्या घरच्या त्या माणसाला, तो सुटीवर येईल तेव्हा, समोर बसवून विचारावे : कोणत्या साली गेलास, किती उचल घेतलीस, कोणते काम शिकलास, खोलीत कोण कोण होते. उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली अशा पंचवीस-तीस वह्या जमल्या, तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातले एक कोरे पान भरून निघेल.

मी माझी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर मामांनी सांगितलेली पहिलीच गोष्ट आहे : पहिल्या रात्री त्यांना थंडी वाजली होती आणि पांघरायला काही नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने, ज्याची भाषा त्यांना कळत नव्हती, आपले ब्लँकेट अर्धे त्यांच्या अंगावर टाकले. पहिल्या पगारात त्यांनी घेतलेली पहिली वस्तू तीच होती.